देवाबद्दलचं मॅटर मी परत पाठवलं, माणसांबद्दलचं न विचारता मशीनवर चढलं

छपाईवाला_लक्ष्मीपुरी (सोमवार, रात्री १०.४०)

मंडळी, बरीच वर्षं इथं नुसता वाचत होतो, आज लिहितोय. लांबेल, सांभाळून घ्या.

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत माझं छपाईचं दुकान आहे. वडिलांच्या काळात ट्रेडल मशीन होतं, खिळे जुळवून लग्नपत्रिका निघायच्या. आता बहुतेक काम फ्लेक्सचं. वाढदिवस, भावपूर्ण श्रद्धांजली, तालमीचा गणपती, यात्रा, निवडणूक.

गेल्या बुधवारी दोन गिऱ्हाइकं पाठोपाठ आली. पहिले एक निवृत्त गृहस्थ. त्यांच्या गावच्या यात्रेत बकरी पडतात. ते थांबावं म्हणून त्यांनी व्याख्यान ठेवलंय, त्याचं चार बाय सहाचं बॅनर हवं होतं. मजकूर एवढाच: ‘देवाला रक्त लागत नाही’. खाली तारीख, वेळ, वक्त्याचं नाव. तो वाचला आणि माझ्या पोटात गोळा आला. बॅनरच्या कोपऱ्यात दुकानाचं नाव असतं. उद्या गावातली पोरं येऊन उभी राहिली तर? मी म्हटलं, काका, लोकांच्या भावना दुखावतील, जरा सौम्य करून आणा. ते वाद घालत बसले नाहीत. कागदाची घडी घातली, खिशात ठेवली, गेले.

दुसरं मॅटर व्हॉट्सअ‍ॅपवर आलं. ओळखीचा पोरगा, नेहमीचं काम देणारा. दहा बाय आठ, तीन प्रती. सणाची खरेदी आपल्याच माणसाकडून करा, त्यांच्या गाड्यावरून फळं घेऊ नका, आणि खाली एक ओळ जी मी इथं लिहिणार नाही. तिच्यात एका समाजाच्या माणसांना किड्याचं नाव दिलं होतं. आमच्या डिझायनर पोरानं ते कोरलड्रॉत लावलं, रंग बसवले आणि मशीनला पाठवलं. मी आत गेलो तेव्हा पहिली प्रत निम्मी बाहेर आली होती. मशीन थांबवलं, पैसे परत केले.

पोराला विचारलं, तुला हे वाचून काहीच वाटलं नाही? तो म्हणाला, “ह्यात देवाचं काय न्हाई की मालक.”

हे वाक्य डोक्यातनं जात नाही. देवाबद्दल काही आलं की थांबायचं, मालकाला दाखवायचं. माणसांबद्दल आलं तर रंग बसवायचे. हे त्याला मीच शिकवलंय, पंधरा वर्षांत, तोंडानं न सांगता. ‘अंबाबाई’ छापायचं की ‘महालक्ष्मी’ यावरून माझ्या काउंटरवर दोनदा भांडणं झालीत, त्यामुळे तो शब्द आला की पोरगा मला हाक मारतो. किड्याचं नाव आलं तेव्हा हाक मारली नाही.

७ जून २०२३ ला शिवाजी चौकात काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. मोबाईलवरच्या औरंगजेबाच्या स्टेटसवरून बंदची हाक, गर्दी, दगड, लाठीमार, अश्रुधूर, मग इंटरनेट बंद. मी शटर ओढून आत बसलो होतो आणि विचार करत होतो की आपण बरे, आपण काही बोलत नाही. आता वाटतं की मी रोज दहा बाय आठ अक्षरांत बोलतोय, फक्त दुसऱ्याच्या नावानं.

मला कायदा कळत नाही. धर्मावर बोलायची मुभा कुठवर, आणि द्वेष कुठं सुरू होतो? जाणकारांनी सांगावं.

कळंबा_वकील (सोमवार, रात्री ११.३५)

छपाईवाले, तुमच्या पोराचं वाक्य मी टिपून ठेवलंय. आपला कायदाही या प्रश्नावर शंभर वर्षं अडखळतोय, आणि सुरुवात एका छापील पुस्तिकेपासूनच झाली.

१९२० च्या दशकात लाहोरच्या एका प्रकाशकानं पैगंबरांच्या खासगी आयुष्याची टवाळी करणारी पुस्तिका काढली. त्याच्यावर दंडविधानाच्या १५३-अ कलमाखाली खटला झाला. ते कलम गटागटांत वैर लावण्याबद्दल होतं. मे १९२७ मध्ये लाहोर हायकोर्टानं त्याला सोडलं. दिवंगत धर्मप्रवर्तकावरची टीका, कितीही घाणेरडी असली तरी, त्या समाजाच्या आज जिवंत असलेल्या माणसांविरुद्धचं वैर होत नाही, असा तो विचार. मोठा गदारोळ झाला आणि त्याच वर्षी सरकारनं २९५-अ हे नवीन कलम आणलं. प्रकाशकाचा १९२९ मध्ये खून झाला. कलम आलं म्हणून सुरी थांबली नाही.

म्हणजे आपल्याकडे दोन वेगळी कलमं आहेत. एक माणसांच्या गटांबद्दल, दुसरं श्रद्धेच्या अपमानाबद्दल. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत तीच अनुक्रमे १९६ आणि २९९ झाली. दोन्हींना साधारणपणे तीन वर्षांपर्यंत शिक्षा.

आता तुमचं पहिलं मॅटर. २९९ मध्ये नुसत्या ‘भावना दुखावल्या’ला जागा नाही. अपमान जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूनं केलेला असावा लागतो, दोन्ही हवं. १९५७ मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात सुप्रीम कोर्टानं हे कलम वैध ठरवलं, पण बेसावधपणे किंवा तसा हेतू नसताना झालेला अपमान यात येत नाही हेही तिथंच सांगितलं. ‘देवाला रक्त लागत नाही’ हे मत आहे. ते कलमाच्या आसपासही येत नाही. तुम्ही त्या काकांना ज्या भीतीनं परत पाठवलं ती कायद्याची नव्हती.

दुसरं मॅटर मात्र थेट १९६ च्या वाटेवर आहे.

शब्दांचा परिणाम कुणाच्या मापानं मोजायचा, हेही ठरलेलं आहे. १९४६ मध्ये नागपूर हायकोर्टात न्या. व्हिव्हियन बोस यांनी माप दिलं ते समंजस, खंबीर, धीराच्या माणसाचं. प्रत्येक विरोधी मतात धोका बघणाऱ्या डळमळीत मनाचं नाही. सुप्रीम कोर्टानं ते माप पुन्हा पुन्हा उचललंय. अडचण अशी की पोलीस ठाण्याच्या दारात दोनशे माणसं उभी असतात तेव्हा हे माप कुणाच्या हातात नसतं.

मावळा_पन्हाळा (मंगळवार, सकाळी ७.५०)

काका, तुमचा राग नाही, पण एक बाजू मांडतो. माझं वय २४. त्या दिवशी मी शिवाजी चौकात होतो. दगड मारला नाही, पण होतो.

सहा जूनला आमच्याकडं राज्याभिषेकाचा ३५० वा सोहळा. घरात दिवे लावलेले. आणि मोबाईलवर कोण औरंगजेबाचं कौतुक लावतोय. ज्यानं १६८९ ला संभाजीराजांचे हाल हाल करून जीव घेतला त्याचं. आता मला सांगा, हे नुसतं ‘मत’ का? आमच्या छातीत काय होतं ते वकिलाच्या मापात बसतंय का? खंबीर माणसानं गप बसायचं असं असंल तर मला खंबीर व्हायचं न्हाई.

आणि दुसरं. यात्रेतल्या बकऱ्याबद्दल बॅनर चालतंय म्हणता. हेच बकरी ईदला छापाल का? तिथं हात थरथरला तर मग ही चिकित्सा एकाच बाजूची झाली.

छपाईवाला_लक्ष्मीपुरी (मंगळवार, सकाळी ९.१५)

बाळा, प्रामाणिक लिहिलंस, बरं वाटलं. ईदचं विचारलंस त्याचं उत्तर: बुधवारपर्यंत विचारलं असतंस तर नसतं छापलं. दोन्ही छापली नसती. आज म्हणतो, दोन्ही छापीन.

औरंगजेबाचं मला अजून नीट सांगता येत नाही. मला स्वतःलाही त्या दिवशी संताप आला होता.

बेकरी_सदरबाजार (मंगळवार, दुपारी २.२०)

काका, मावळादादा, दोघांनाही सलाम. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं म्हणून लिहिते.

आधी बकऱ्याचं. कुराणात सूरह हजमध्ये, २२ व्या सूरहची ३७ वी आयत, कुर्बानीबद्दलच आहे. त्या जनावरांचं मांसही अल्लाहपर्यंत पोचत नाही आणि रक्तही नाही, पोचते ती तुमची मनाची भक्ती, असा अर्थ. माझे अब्बा दर ईदला हे वाचून दाखवायचे आणि मग कुर्बानीही करायचे. मी त्यांच्याशी वाद घालायची, घरात जोरजोरात. त्या काकांच्या बॅनरवरचं वाक्य वाचून मला अब्बांची आठवण आली. ते वाक्य घेऊन कुणी माझ्या दारात वाद घालायला आलं तर मी चहा करीन.

पण तुमच्या दुसऱ्या बॅनरबद्दल काय करू? त्याच्याशी वाद घालता येत नाही. ‘तू किडा आहेस’ यावर मी काय मुद्दा मांडू?

सात जूनला आमचं दुकान बंद होतं, ते अजून आठवतं. पण त्याहून जास्त आठवतात त्यानंतरचे महिने. वीस वर्षं रोज पाव नेणाऱ्या एक मावशी यायच्या बंद झाल्या. भांडण नाही, काही नाही. वाटेत भेटल्या तर मान खाली घालायच्या. कुणीतरी त्यांच्या मोबाईलवर काहीतरी पाठवलं असणार. ते स्टेटस लावणारा पोरगा मला माहीत नाही, माझा कुणी नाही, मला त्याचा राग येतो. तरी हिशेब माझ्याकडं मागितला गेला.

दादा, तुमच्या छातीत जे झालं ते खोटं नाही. संभाजीराजांचं वाचून मलाही रडू येतं, मी मराठी शाळेत शिकले. फक्त एवढंच विचारते. तुम्ही रागावलात औरंगजेबावर आणि ते स्टेटस लावणाऱ्यावर. मग बंद कुणाची दुकानं फोडायला निघाला होता?

निवृत्त_इतिहास (मंगळवार, रात्री ८.०५)

छपाईवाले, तुमच्या धंद्याचा आणि या गावाचा जुना संबंध सांगतो. १८८२ मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी यांच्या छळाबद्दल लिहिलं, दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर आरोप केले. ज्या पत्रांच्या आधारावर लिहिलं ती बनावट निघाली. टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहिले. हेतू चांगला, राजावरचं प्रेम खरं, राग खरा, आणि पुरावा खोटा. आज कुणाच्या मोबाईलवर कसली चित्रफीत येते, कुठल्या देशातली, किती वर्षांपूर्वीची, हे न बघता पोरं रस्त्यावर येतात तेव्हा मला ती पत्रं आठवतात.

आता भावनांचं. १८९९ च्या कार्तिकात शाहू महाराज पंचगंगेवर स्नानाला गेले. पुरोहित वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त म्हणत होता. कारण विचारल्यावर उत्तर मिळालं की तुम्ही शूद्र आहात. पुढं वर्षानुवर्षं वेदोक्ताचा वाद चालला. महाराजांनी राजोपाध्यांची इनामं काढली. २६ जुलै १९०२ ला मागास समाजांसाठी ५० टक्के जागांचा जाहीरनामा निघाला. १९२० मध्ये स्वतंत्र क्षात्र जगद्गुरूचं पीठ उभं केलं. यातल्या प्रत्येक पावलानं कुणाच्या ना कुणाच्या भावना दुखावल्या, अगदी मनापासून, आणि दुखावलेली माणसं खोटारडी नव्हती. ‘दुखावलं की थांबायचं’ हे तेव्हा माप असतं तर कोल्हापूरला आज मिरवण्यासारखं काही उरलं नसतं.

त्याच महाराजांनी दसरा चौकात मुस्लिम बोर्डिंग उभं केलं. पुरोहितशाहीवर ते इतके कडक बोलले, पण ब्राह्मण विद्यार्थ्यांची बोर्डिंगंही त्यांच्याच काळात निघाली.

आणि १६ फेब्रुवारी २०१५ ची सकाळ. गोविंद पानसरे फिरून घरी येत होते, उमाताई बरोबर होत्या. गोळ्या घातल्या. २० तारखेला ते गेले. आयुष्यभर शिवाजीराजा रयतेचा होता हेच सांगत हिंडले. त्याआधी ऑगस्ट २०१३ मध्ये पुण्यात दाभोलकर, त्यानंतर ऑगस्ट २०१५ मध्ये धारवाडला कलबुर्गी. माझ्या वर्गात मी त्यानंतर काही वाक्यं म्हणायचं बंद केलं. कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही बुधवारी त्या काकांना परत पाठवलंत ना, ती भीती मला ओळखीची आहे.

चिकित्सक_राजारामपुरी (मंगळवार, रात्री ९.३०)

मास्तरांच्या शेवटच्या परिच्छेदानंतर माझं मत आणखी पक्कं झालं. मी म्हणतो, ही दोन्ही कलमं काढून टाका. द्वेषाच्या बोलण्याचं कलम शेवटी कुणावर पडतं? २०१२ मध्ये पालघरच्या एका मुलीनं बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीनं त्या लाईक केल्या, दोघींना अटक झाली. त्यांना लावलेलं आयटी कायद्याचं ६६-अ कलम सुप्रीम कोर्टानं रद्द केलं ते थेट २४ मार्च २०१५ ला. शस्त्र ज्याच्या हातात आहे तोच ठरवणार की द्वेष कुठला. छपाईवाल्यांनी दुसरं मॅटर नाकारलं, उत्तम केलं. समाजानं असंच नाकारावं, सरकारला मध्ये घेऊ नये.

कळंबा_वकील (मंगळवार, रात्री १०.५०)

चिकित्सक, तुमची भीती मला रोज कोर्टात दिसते, तरी मी सहमत नाही. तुम्ही सांगितलेल्या त्याच ६६-अ च्या निकालात कोर्टानं तीन पायऱ्या वेगळ्या केल्यात. चर्चा, मताचा पुरस्कार आणि चिथावणी. पहिल्या दोन, कितीही अप्रिय असल्या तरी, मोकळ्या. तिसऱ्या पायरीवर कायदा येतो. ही रेघ बरोबर आहे. राज्यघटनेचं १९(२) कलमही बंधनं मोजून देतं: सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी आणि अशी आणखी काही. ‘धार्मिक भावना’ हे शब्द त्या यादीत नाहीत.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. हातकणंगले पोलिसांनी एका प्राध्यापकावर १५३-अ लावलं, व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरून. ३७० रद्द झाल्याचा दिवस काळा दिवस, आणि १४ ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा, असा मजकूर. मुंबई हायकोर्टानं गुन्हा रद्द करायला नकार दिला. ७ मार्च २०२४ ला सुप्रीम कोर्टानं तो रद्द केला आणि पोलिसांना अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हणजे काय हे शिकवायची वेळ आली आहे असं निकालात लिहिलं. पुढं मार्च २०२५ मध्ये एका कवितेवरच्या गुन्ह्यात कोर्टानं सांगितलं की अशा प्रकरणांत गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची जी सोय नव्या नागरिक सुरक्षा संहितेत आहे ती वापरा.

उलट बाजू बघा. २८ एप्रिल २०२३ ला सुप्रीम कोर्टानं सगळ्या राज्यांना आदेश दिला की द्वेषाच्या भाषणावर तक्रारीची वाट न बघता, वक्त्याचा धर्म न बघता गुन्हा नोंदवा. आपलं सात जून त्यानंतर सहाच आठवड्यांनी. आणि गुन्हा नोंदवला तरी या दोन्ही कलमांखाली सरकारच्या मंजुरीशिवाय कोर्ट दखल घेऊ शकत नाही. स्टेटस लावणारं पोर रात्रीत आत जातं. व्यासपीठावरच्या माणसाची फाईल मंजुरीला जाते आणि तिथं पडून राहते. माझं भांडण कलमाशी कमी आणि या उलट्या चालीशी जास्त आहे.

फ्रांकफुर्टचा_कोल्हापूरकर (बुधवार, पहाटे २.१०)

इथं जर्मनीत फौजदारी कायद्यात १३० वं कलम आहे, लोकसमूहाविरुद्ध द्वेष भडकवण्याबद्दल. ते या देशानं स्वतःच्या अनुभवातून लिहिलंय. छपाईवाले, न्यूरेंबर्गच्या खटल्यात ज्युलियस श्ट्रायखर नावाचा एक माणूस होता. तो सैन्यात सेनापती नव्हता, छळछावणी चालवत नव्हता. तो साप्ताहिक छापायचा. वीस वर्षं ज्यूंना रोगजंतू, किडे म्हणत राहिला. ऑक्टोबर १९४६ मध्ये त्याला फाशी झाली. रवांडात १९९४ ला रेडिओवरून तुत्सींना ‘झुरळं’ म्हणत होते. तुमच्या बॅनरवरचा तो किड्याचा शब्द वाचून हे सांगितल्याशिवाय राहवलं नाही. तुम्ही मशीन थांबवलंत.

वरुणतीर्थ (बुधवार, सकाळी ८.२५)

मी ब्राह्मण कुटुंबातली आहे, मंदिराशी आमचा संबंध नाही, भक्त म्हणून जाते तेवढाच. जून २०१७ मध्ये अंबाबाईला घागरा-चोली नेसवली म्हणून मोठं आंदोलन झालं. पगारी पुजारी नेमावेत ही मागणी होती, पुढच्या वर्षी तसा कायदाही झाला. मला ती मागणी पटली होती. देवीचं उत्पन्न, गाभाऱ्यात कुणी जायचं, बायकांना का अडवायचं, यावर बोलायलाच हवं. एप्रिल २०१६ मध्ये गाभाऱ्यात जायला निघालेल्या बाईला देवळातच धक्काबुक्की झाली तेव्हा मी घरात बसून रडले होते.

पण एका सभेत मी मागं उभी होते. वक्ता पुजाऱ्यांच्या हिशेबावर बोलत होता, लोक ऐकत होते. अर्ध्या तासानं तो ‘पुजारी’ हा शब्द सोडून जातीचं नाव घ्यायला लागला. टाळ्या वाढल्या. माझ्या शेजारची ओळखीची बाई टाळ्या वाजवत होती, मग तिनं माझ्याकडं बघितलं आणि थांबली. त्या क्षणी काय बदललं ते मला नेमकं सांगता येतं. मुद्दा तोच होता, आवाजही तेवढाच. फक्त आधी बोलणं केलेल्या कामाबद्दल होतं आणि मग जन्माबद्दल झालं. काम बदलता येतं. जन्माचं मी काय करू?

बेकरीवाल्या ताई, तुमच्या त्या मावशींचं वाचून वाईट वाटलं. मी गंगावेशीत राहते, सदर बाजार लांब पडतो, तरी येईन.

बेकरी_सदरबाजार (बुधवार, दुपारी १.४०)

ताई, या की. खारी सकाळी अकराला निघते.

तुम्ही जन्माचं लिहिलंत ते अगदी खरं. जुलै २०२४ ला विशाळगडचं तेच झालं. बोलणं होतं गडावरच्या अतिक्रमणाचं. असंल अतिक्रमण तर काढा, कायद्यानं काढा, कुणाचंही असो. पण १४ जुलैला घरं फुटली ती वाटेवरच्या गजापुरात, मशिदीची नासधूस झाली. त्या घरांचा आणि गडाचा काय संबंध? नावांचा संबंध.

आणि दुसरी बाजूही सांगते, नाहीतर खोटं ठरेल. आमच्यातही कुणी पोरगी बुरख्याबद्दल, तलाकबद्दल बोलली की ‘मजहब की तौहीन’, धर्माचा अपमान, म्हणून तिला गप करतात. मला केलंय, घरातल्याच मोठ्यांनी. भावना दुखावल्याचं हत्यार पहिल्यांदा आपल्याच पोरीवर चालतं. पाकिस्तानात त्याच १९२७ च्या कलमाला शेपट्या जोडत गेले, १९८६ ला २९५-क आणलं, त्यात मृत्युदंड. तिथं त्याखाली मुसलमानही मरतात.

मावळा_पन्हाळा (बुधवार, रात्री ९.००)

ताई, तुम्ही काल विचारलेला प्रश्न दोन दिवस डोक्यात हाय. बंद कुणाची दुकानं फोडायला निघाला होता. मी माझ्या मनाला विचारलं, मी कशाला गेलो होतो? पोलिसांनी कारवाई करावी म्हणून. मग चौकातनं गर्दी गल्लीकडं वळली तेव्हा मी वळलो का? चार पावलं वळलो. मग अश्रुधूर आला आणि पळालो. तो आला नसता तर किती पावलं गेलो असतो, ते मला सांगता येत न्हाई.

औरंगजेबाचं कौतुक मला अजूनही सहन होत न्हाई, होणारबी न्हाई. पण ते लावणारा एक आणि तुमची बेकरी वेगळी, एवढं मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर... कदाचित ऐकलं नसतं. व्यासपीठावरनं सांगायला पाहिजे होतं, तिथं उलटंच चाललं होतं.

माझी आजी बाबूजमाल तालमीतल्या मोहरमच्या पंजाला नवस बोलायची. २०१८ ते २०२० गणपती आणि मोहरम एकत्र आले, तेव्हा तालमीत दोन्ही शेजारी बसलेले मी स्वतः बघितलेत. तेव्हा मी १७-१८ वर्षांचा होतो. मधल्या चार-पाच वर्षांत माझ्यात काय झालं ह्याचा विचार करतोय.

छपाईवाला_लक्ष्मीपुरी (गुरुवार, रात्री १०.१५)

सगळं दोनदा वाचलं. काउंटरवर लावायला एक पाटी लिहिलीय, बघा:

‘धर्म, जात, देव यांविषयी कुणाच्याही भावना दुखावणारा किंवा कुठल्याही समाजाविरुद्ध द्वेष पसरवणारा मजकूर येथे छापला जाणार नाही.’

कळंबा_वकील (गुरुवार, रात्री १०.३२)

पहिला अर्धा भाग काढा. त्या पाटीनं ते काका पुन्हा परत जातील.

वरुणतीर्थ (गुरुवार, रात्री १०.४०)

आणि ‘समाजाविरुद्ध’ हा शब्द सभेतला वाटतो. गिऱ्हाइकाला कळेल असं लिहा.

छपाईवाला_लक्ष्मीपुरी (शुक्रवार, सकाळी ११.००)

बरोबर. बदललं:

‘देवाधर्माबद्दलचं मत, टीका, प्रश्न येथे छापून मिळतील, कुणाच्याही धर्माबद्दल असोत. जन्मावरून माणसांना शिवी देणारं, त्यांच्याकडून माल घेऊ नका किंवा त्यांना मारा असं सांगणारं मॅटर येथे घेतलं जात नाही.’

मावळ्या, औरंगजेबाचा उदोउदो करणारं कुणी आणलं तर तेही मी छापणार नाही. तो गुन्हा आहे म्हणून नाही, माझं मन घेत नाही म्हणून. दुकान माझं आहे. पण ते आणणाऱ्याच्या घराचा पत्ता मी कुणाला देणार नाही.

नेहमीच्या पोराला पाटी वाचून दाखवली. तो म्हणाला काम दुसरीकडं नेतो. नेलं. महिन्याला सात-आठ हजारांचं गिऱ्हाईक होतं.

त्या काकांचा नंबर माझ्याकडं नव्हता. वक्त्याचं नाव लक्षात होतं, त्यांच्यामार्फत शोधून काल फोन केला आणि माफी मागितली. बॅनर त्यांनी दुसरीकडं करून घेतलं होतं. तिथंही मजकूर बदलायला लावला. आता त्यावर नुसतं ‘प्रबोधनपर व्याख्यान’ आहे, कशाबद्दल ते कुठंच लिहिलेलं नाही. गावात विचारलं तर लोकांना वाटतंय की व्यसनमुक्तीवर आहे.

व्याख्यान रविवारी संध्याकाळी आहे. ‘देवाला रक्त लागत नाही’ ही ओळ घालून तीनशे हँडबिलं करून देतो म्हणालो. ते म्हणाले, खाली तुमचं नाव नका टाकू, त्रास होईल. टाकतोय. डिझायनर पोरगा आत्ता प्रूफ काढतोय, आज त्यानं मला हाक मारली नाही, स्वतःच वाचून नीट लावलंय.